पालवणकर बाळू यांचा राजकीय कल

नाशिक शहरात क्रिकेटचे जे मोठे मैदान आहे त्यास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले आहे. पूर्वी त्याच जागेस गोल्फ क्लबचे मैदान म्हणत असत. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांजवर गोळी झाडणाऱ्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या तरुणाचे नाव साहेबी खेळाच्या जागेस मिळाले, यात काळाचा एक न्याय आहे खरा. परंतु या मैदानावर रणजी करंडकाचे जे सामने झाले त्यांत खेळलेल्या एखाद्या खेळाडूचे राजकीय मत कोणी या नामफलकावरून ठरवू लागेल, तर आपण त्यास हसू. मैदानाचे राजकारण त्याच्या नावावरून कळते. खेळाडूचे राजकारण इतक्या सोप्या वाटेने कळत नाही.

असे असूनही लोक ते ठरवीतच असतात. अमुक खेळाडूने कोणा पुढाऱ्याच्या हातून हार घेतला, कोणत्या दौऱ्यावर जाण्याचे नाकारले, कोणत्या कागदावर सही केली, कोणत्या पक्षाच्या वतीने निवडणुकीस उभा राहिला, एवढे कळले की त्यास एखाद्या गोटात टाकून मोकळे होण्याची आपणां सर्वांस घाई असते. राजकीय पुढाऱ्याच्या बाबतीत ही घाई फारशी बाधत नाही; कारण त्याची भाषणे, लेख आणि पत्रे मागे उरतात व चुकीचा तर्क त्यांच्या आधारे दुरुस्त करता येतो. खेळाडूचे तसे नाही. त्याच्या आयुष्यातील नोंदी बहुतेक धावांच्या आणि बळींच्या असतात. राजकारणाच्या बाजूने पाहू जाता चार-दोन जाहीर कृती तेवढ्या हाती लागतात, आणि त्यांवरून एका सबंध मनाचा अंदाज बांधावा लागतो. त्यातही जो हौसेने न खेळता पोटासाठी खेळला, त्याच्या कृतींत त्याची स्वतःची इच्छा किती आणि अन्नदात्याची किती, हा आणखी एक पेच पडतो.

या पेचाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बाळू बाबाजी पालवणकर हे होत. हिंदुस्थानातला पहिला थोर गोलंदाज म्हणून त्यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासात आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झालेला उमेदवार म्हणून ते राजकारणाच्या इतिहासात आहे. पुष्कळांच्या मते या दुसऱ्या एका वाक्यात त्यांचे सगळे राजकारण येऊन गेले. कोणी त्यावरून त्यांस उच्चवर्णीयांच्या हातचे बाहुले ठरवितो, तर कोणी त्यांस बाबासाहेबांच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून उभा करतो. आमच्या मते हे दोन्ही निकाल उतावळेपणाचे आहेत. ज्या माणसास उभ्या आयुष्यात दुसऱ्यांनी ठरविलेल्या जागी उभे राहावे लागले, त्यास मरणोत्तर तरी विचारपूर्वक जागा द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्यांचे जीवन थोडक्यात पाहू. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील सैन्यात चाकरीस होते व कुटुंब पुढे पुण्यास राहिले. पुण्याच्या पारशी क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे या कामासाठी त्यांस दरमहा ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर गेले. तेथे खेळपट्टीची निगा राखणे, जाळ्या बांधणे आणि साहेबांस सराव म्हणून तासन्‌तास चेंडू टाकणे ही त्यांची कामे होती. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. त्यांस चेंडू टाकता टाकता बाळूंची डावरी गोलंदाजी घडत गेली. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्यांस त्या क्लबात मिळाली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम होते, आणि बॅट हाती धरणे हा मानाचा भाग होता.

पुढे पुण्याच्या हिंदू संघास युरोपियनांशी सामना द्यावयाचा झाला, तेव्हा या गोलंदाजास संघात घ्यावे की न घ्यावे याविषयी वाद पडला. अखेर त्यांस घेण्यात आले. मैदानावर ज्या चेंडूस बाळूंचा हात लागे तोच चेंडू सवर्ण खेळाडू निःशंकपणे झेलीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. पुण्यात प्लेग आल्यानंतर ते मुंबईस आले, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातून खेळू लागले आणि उदरनिर्वाहासाठी रेल्वेच्या नोकरीत राहिले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. तो संघ बहुतेक सामने हरला. परंतु पस्तीस वर्षांच्या बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ बळी घेतले. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नाणावलेले खेळाडू होते. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंस कधी मिळाले नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. जाहीर कृतींवरून राजकीय कल ठरवावयाचा तर प्रत्येक कृतीस चार प्रश्न विचारले पाहिजेत, असे आम्हांस वाटते. ती कृती त्या माणसाने स्वतः होऊन केली, की ती त्याच्या वाट्यास आली? ती करण्यात त्याचे काही गेले काय? त्या वेळी त्यास दुसरी वाट खरोखर मोकळी होती काय? आणि पुढे प्रसंग बदलले, माणसे बदलली, तरी तीच दिशा कायम राहिली काय? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण एका कृतीवरून प्रसंग कळतो, आणि कृतींच्या मालिकेवरून कल कळतो.

या प्रश्नांची गरज १९३२ सालच्या एका गोष्टीवरून सहज पटेल. त्या वर्षी जानेवारीत गांधीजींस अटक झाली, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जावयाचा होता. विजय मर्चंट आणि ल. पु. जय हे मुंबईचे दोन उत्तम फलंदाज त्या दौऱ्यावर गेले नाहीत. राष्ट्रीय पुढारी तुरुंगात असताना खेळावयास जाणे त्यांस प्रशस्त वाटले नाही. कर्नल सी. के. नायडू गेले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सच्या मैदानावर सुरू झालेल्या पहिल्या कसोटी सामन्यात ते हिंदुस्थानचे कर्णधार झाले. आता मर्चंट राष्ट्रवादी, आणि नायडू इंग्रजधार्जिणे, असे कोणी म्हणेल काय? मर्चंट गिरणीमालकांच्या घराण्यातले होते. दौरा सोडला म्हणून त्यांची चूल विझण्याचा प्रश्न नव्हता. नायडू होळकर दरबारच्या चाकरीत होते. मर्चंट यांच्या नकाराचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु नायडूंच्या जाण्यास राजनिष्ठेचा अर्थही त्यामुळे चिकटविता येत नाही. नकारावरून पुष्कळ कळते. होकारावरून, विशेषतः चाकरीतल्या माणसाच्या होकारावरून, फार थोडे कळते.

हेच माप घेऊन बाळूंच्या कृती एकेक करून पाहू. पहिली कृती, खरे पाहता, त्यांच्याविषयी इतरांनी केलेली आहे. १९११ च्या दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राशी भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याचे नाव जोडलेले आहे. पुढे प्राध्यापक झाल्यावरही आंबेडकरांस बाळूंचा अभिमान वाटे. मुंबई महापालिकेत सरकारनियुक्त सभासद म्हणून त्यांची नेमणूक व्हावी यासाठी त्यांनी खटपट केली, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. यावरून बाळू त्या काळी आंबेडकरांच्या मताचे होते असा निष्कर्ष काढणारा फसेल. कारण सत्कार घेणे ही कृती वाट्यास आलेली असते. त्यावरून एवढेच सिद्ध होते की, १९३७ चे प्रतिस्पर्धी मुळात वैरी नव्हते. एकाच्या पराक्रमाकडे पाहून दुसऱ्याची मान ताठ झाली होती. १९३७ ची लढत वैयक्तिक द्वेषातून उद्भवली असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरी कृती १९२० सालची. त्या वर्षी चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडताना बाळूंस वगळण्यात आले. कर्णधार म. दा. पै यांस पहिल्या सामन्यास उपस्थित राहता येईना, तेव्हा ते पद दि. ब. देवधर यांस देण्याचे ठरले. वयाने व अनुभवाने वडील असलेल्या पालवणकर बंधूंस डावलले गेल्याचे पाहून शिवराम व विठ्ठल संघातून बाहेर पडले, आणि आपल्या जाण्याचे कारण त्यांनी जाहीर केले. पुढच्या सामन्यास बाळूंस उपकर्णधार करून परत बोलाविण्यात आले व बंधूही परतले. नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा ठराव करून त्यात अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहन केले, तेही याच डिसेंबरच्या अखेरीस. या प्रसंगात कोणताही पक्ष नव्हता, निवडणूक नव्हती. परंतु पालवणकर घराण्याची पहिली खरी राजकीय कृती हीच, असे आमचे मत आहे. ती बंधूंनी स्वतः होऊन केली. तिच्यात खेळाडूचे सर्वस्व, म्हणजे संघातील जागा, पणास लावलेली होती. आणि गप्प बसण्याची दुसरी वाट पूर्णपणे मोकळी होती.

तिची दिशाही पाहण्यासारखी आहे. बंधू बाहेर पडले ते परत आत येण्यासाठी. जिमखाना नको, संघ नको, आम्ही आमचा वेगळा संघ काढतो, असे ते म्हणाले नाहीत. याच संघात आम्हांस योग्यतेप्रमाणे मान द्या, असे त्यांचे मागणे होते, आणि ते मागणे अंशतः मान्य झाले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्या वर्षीची स्पर्धा हिंदू संघाने जिंकली. ज्या घरातला वडील भाऊ मातीच्या भांड्यात चहा पीत होता, त्याच घरातल्या धाकट्या भावाच्या शब्दावर सर्व जातींचे हिंदू खेळाडू मैदानात आपापल्या जागा घेऊ लागले. या घटनेचा बाळूंच्या मनावर किती खोल ठसा उमटला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तिसरी कृती १९३२ ची. दलितांस स्वतंत्र मतदारसंघ असावेत की राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ असावेत, हा त्या वर्षीचा जळता प्रश्न होता. एम. सी. राजा आणि डॉ. मुंजे यांनी वर्षारंभी केलेला करार संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचा होता, आणि बाळूंनी त्यास पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा प्रसिद्ध झाला. २० सप्टेंबरपासून गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. त्यान्वये स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघांत प्रांतिक कायदेमंडळांच्या १४८ जागा दलितांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्या करारावर सह्या करणाऱ्यांत पालवणकर बाळू आहेत.

या सहीचे मोल किती? एकटी सही घेतली तर फारच थोडे. त्याच कागदावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, राजगोपालाचारींची आहे, मालवीयांची आहे, आणि पां. ना. राजभोज यांचीही आहे. राजभोज हे मूळ नाशिक जिल्ह्यातले आणि बाळूंप्रमाणेच चर्मकार समाजातले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ते पुढे होते; नंतर ते आंबेडकरांपासून दूर गेले; आणि १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्‌स फेडरेशन स्थापन झाले तेव्हा त्याचे सरचिटणीस होऊन ते पुन्हा त्यांच्या बाजूस आले. आंबेडकरांनी ही सही जड मनाने केली, आणि पुढे या करारावर कडाडून टीका केली. एकाच कागदावरील सह्यांचे अर्थ असे परस्परविरोधी असू शकतात. बाळूंच्या सहीस अर्थ येतो तो तिच्या मागच्या-पुढच्या कृतींमुळे: राजा-मुंजे करारास त्यांनी अगोदरच पाठिंबा दिलेला होता, म्हणून ही सही त्यांच्या बाबतीत नाइलाजाची नव्हती, संमतीची होती.

चौथी व पाचवी कृती निवडणुकांच्या. १९३३ च्या सुमारास बाळू हिंदुमहासभेच्या वतीने मुंबई महापालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले व हरले. १९३७ साली ते काँग्रेसच्या वतीने मुंबई कायदेमंडळाच्या राखीव जागेसाठी उभे राहिले. समोर स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक डॉ. आंबेडकर होते. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. अंतर अवघे २,०२० मतांचे. या आकड्यांवरूनही घाईने अनुमान काढू नये. जागा राखीव होती, तरी मतदारसंघ संयुक्त होता. म्हणून ही ११,२२५ मते म्हणजे दलित समाजाने बाळूंच्या मतास दिलेला कौल नव्हे, आणि ते हरले म्हणून त्यांच्या समाजाने त्यांस झिडकारले असेही नव्हे. शिवाय उमेदवार उभा करणे हे पक्षाचे कृत्य असते. साठी उलटलेल्या क्रिकेटवीरास आंबेडकरांसमोर उभे करण्यात काँग्रेसने काय हिशेब केला, हे ओळखण्यास फारसे चातुर्य लागत नाही. बाबासाहेबांच्या तोडीचे नाव त्या समाजात शोधावयाचे तर ते क्रिकेटच्या मैदानावरच सापडण्यासारखे होते.

एकदा महासभा, एकदा काँग्रेस! या दोन संस्थांचे मार्ग तोवर स्पष्टपणे वेगळे झालेले होते. पक्षांकडे पाहणारा यावरून म्हणेल की, या माणसास मतच नव्हते. जो बोलावील त्याच्याकडे तो गेला. पक्ष बाजूस ठेवून प्रश्नाकडे पाहणाऱ्यास निराळेच दिसेल. स्वतंत्र मतदारसंघास विरोध १९३२ च्या दोन्ही करारांत आहे. दलितांनी हिंदू समाजातच राहून आपला हक्क मिळवावा, ही भूमिका महासभेस मान्य होती आणि काँग्रेसलाही. धर्मांतरास बाळूंचा विरोध होता. तो मार्ग त्यांस आत्मघाताचा वाटे. पक्ष बदलला, मत बदलले नाही. आमच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. बाळू महासभावादी होते की काँग्रेसवादी, हा प्रश्नच चुकीचा आहे. घराचे दार आतून उघडते, त्यासाठी घर सोडण्याची गरज नाही, हा त्यांचा राजकीय कल होता; आणि पक्ष हे त्यांच्या दृष्टीने त्या मतास मिळालेले तात्पुरते वाहन होते.

हे मत त्यांस कोठून मिळाले? येथे आम्हांस पुन्हा नाशिककडे वळावे लागते. कारण याच दाराविषयी अगदी उलटा निष्कर्ष ज्या अनुभवातून निघाला तो अनुभव गोदावरीच्या काठी आला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशी निघालेल्या मिरवणुकीत सुमारे पंधरा हजार माणसे होती. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दारांशी जाऊन बसली. भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे आदी कार्यकर्त्यांनी तो लढा महिनोन्‌महिने चालविला. त्या वर्षी रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. वर्षे लोटली, पण दार उघडले नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांस पत्र लिहून सत्याग्रह आवरावयास सांगितले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे, आपण हिंदू म्हणून जन्मास आलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

दोन दारे अशी शेजारी ठेवून पाहावी. एक जिमखान्याचे, एक मंदिराचे. जिमखान्याचे दार उघडले. हळूहळू, कुरकुरत, परंतु उघडले. ते का उघडले याचा विचार केला पाहिजे. युरोपियनांस हरवावयाचे होते, आणि बाळूंच्या बोटांवाचून ते शक्य नव्हते. सवर्णांची गरज हीच त्या दाराची किल्ली होती. मंदिराच्या आत असलेल्यांस बाहेरच्यांची अशी कोणतीच गरज नव्हती; म्हणून चार वर्षे उन्हातान्हात बसलेल्या हजारो माणसांसमोर ते दार बंद राहिले. बाळूंचे राजकारण पहिल्या दाराच्या अनुभवावर उभे आहे, आणि बाबासाहेबांचे दुसऱ्या. ज्यास एक दार उघडलेले दिसले त्याने दारांवर विश्वास ठेवला. ज्यास प्रत्येक दार बंद दिसले त्याने घर सोडण्याचा विचार केला. दोघांनीही आपापल्या पुराव्याशी इमान राखले.

तथापि दोघांचा पुरावा सारख्याच वजनाचा होता, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या अंगी लाखात एखाद्याची कला आहे त्यास जे मिळाले ते त्याच्या सर्व जातभाईंस मिळेल, हे अनुमान कच्चे होते. एका समाजातून एक बाळू निघतो. मैदान झाडणारे आणि रूळ फिरविणारे हजारो मागे राहतात. आणि खुद्द बाळूंसही जे मिळाले ते अपुरेच होते: कर्णधारपद त्यांच्या हाती आले नाही, ते धाकट्या भावापर्यंत पोहोचले. बाबासाहेबांचा लढा त्या मागे राहिलेल्या हजारांसाठी होता. १९४७ साली मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला, तेव्हा मंदिरे खुली झाली ती कायद्याच्या बळावर, आणि त्या बळामागे नाशिकसारख्या सत्याग्रहांचा रेटा होता, हे विसरता येत नाही. मताचे प्रामाणिकपण आणि मताची अचूकता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाळूंस पहिली निःसंशय देता येईल. दुसरीविषयी इतिहासाचा कौल त्यांच्या बाजूने गेला नाही.

एक आक्षेप येथे येईल, व तो विचारात घेतला पाहिजे. बाळू चर्मकार, आंबेडकर महार. तेव्हा हा सगळा दोन जातींमधील स्पर्धेचा प्रकार होता, मतबिताचा यात प्रश्न नव्हता, असे काही लोक म्हणतात. या स्पर्धेचा राजकारणात उपयोग करून घेतला गेला, हे खरे आहे. परंतु जातीवरून मत ठरते हा नियम येथेच मोडतो. सीताराम नामदेव शिवतरकर हे चर्मकार समाजातलेच, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेच्या आरंभापासून बाबासाहेबांचे निकटचे सहकारी. राजभोजांची वाट तर वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी गेली. एकाच जातीतल्या तिघांच्या तीन वाटा दिसत असता, बाळूंची वाट तेवढी जातीने ठरविली असे म्हणणे म्हणजे त्यांस स्वतःची बुद्धी नाकारणे होय. जातीच्या पलीकडे या माणसास काही दिसतच नसेल, असे मानणारा आक्षेपक नकळत त्या जुन्या क्लबातल्या चहावाल्याच्याच जागी उभा राहतो.

दुसरा आक्षेप बाहुल्याचा. पक्षांनी त्यांस वापरले, हे आम्हीही मान्य केले आहे. परंतु ज्यास वापरले त्याचे स्वतःचे मत नसतेच, असे मानावयास आधार कोणता? १८९२ साली पूना क्लबाने त्यांस ४ रुपयांत वापरले, १९०६ साली हिंदू जिमखान्याने वापरले, १९३७ साली काँग्रेसने. या प्रत्येक वेळी बाळूंनीही त्या संस्थेचा आपल्या परीने उपयोग करून घेतला: पहिल्या ठिकाणी कला मिळविली, दुसऱ्या ठिकाणी मान मिळविला, आणि तिसऱ्या ठिकाणी आपले मत अकरा हजार मतांनिशी नोंदविले. परावलंबी माणसाचे स्वातंत्र्य असेच तुकड्यातुकड्यांनी असते, आणि ते शोधून काढणे हे इतिहासलेखकाचे काम आहे. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली आपल्या क्रीडाजीवनाची हकीगत मराठीत प्रसिद्ध केली. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या घराण्याची हकीगत पुन्हा प्रकाशात आणली, म्हणूनच नव्या पिढीस बाळूंचे नाव कळले. एरवी मराठी घरांतून ते जवळजवळ पुसलेच गेले होते.

बाळू पालवणकर जुलै १९५५ मध्ये मुंबईत वारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, ती पाहावयास ते उरले नव्हते. येवल्याच्या घोषणेची पूर्तता त्या दिवशी झाली, आणि बाळूंनी ज्या मार्गास आत्मघाताचा म्हटले होते त्या मार्गाने गेलेल्या समाजाने पुढे शिक्षणात आणि स्वाभिमानात केवढी मजल मारली, हे आज सर्वांस दिसत आहे.

आजही खेळाडूंच्या कृतींवरून त्यांच्या राजकारणाचा पंचनामा चाललेला असतो. कोणी कोणाशी हस्तांदोलन केले, कोणी कोणत्या समारंभास हजर राहिला, यावरून सायंकाळपर्यंत निकाल लागतो. ज्यांस असा निकाल देण्याची हौस आहे त्यांनी बाळूंचे प्रकरण एकदा समोर ठेवावे. त्यांच्या पाच कृतींपैकी लोकांच्या लक्षात राहिली ती १९३७ ची उमेदवारी; आणि ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर दुसऱ्यांच्या हिशेबातून झालेली. ज्या कृतीत त्यांच्या घराण्याचे मन सर्वांत स्पष्ट दिसते, ती १९२० मधील माघार, ती मात्र राजकारण म्हणून कोणी मोजलीच नाही. माणसाचा कल पाहावयाचा तर त्यास दिलेल्या खुर्चीकडे न पाहता, त्याने स्वतः होऊन सोडलेल्या जागेकडे पाहावे.